मामाचा रोजचा चौदा

माझ्या मामाच्या डाव्या हाताला, कोपराच्या आतल्या बाजूला, एक काळा ठिपका आहे. लहानपणी मला वाटायचं, तीळ असेल. मग एकदा सुट्टीत त्याच्या लॅबमध्ये गेले आणि कळलं की ती सुईची जागा आहे. रोज सकाळी शटर वर केलं की चहाच्याही आधी मामा रबरी पट्टा दातांत धरून दंडाला आवळायचा, आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं रक्त काढायचा. मी डोळे झाकून घेतले तर म्हणाला, "अगं वेडे, लोक सकाळी दात घासतात, मी हे करतो. त्यात काय एवढं?"

ते रक्त कशासाठी, हे मला पुढे त्याच्याकडे कामाला लागल्यावर समजलं. लॅब म्हणजे दोनच खोल्या. पुढच्या खोलीत काचेमागे मी: नावं लिहून घ्यायची, रिपोर्ट टाइप करायचे, लोकांची बडबड ऐकायची. मागच्या खोलीत मामा आणि त्याचं मशीन. हे मशीन रोज सकाळी बरोबर बोलतंय की नाही, हे आधी तपासून घ्यावं लागतं. त्यासाठी कंपनीची एक बाटली मिळते. तिच्यात किती युरिया आहे ते बाटलीवर छापलेलं असतं. बाटली लावायची, मशीनने तोच आकडा दाखवला तर मशीन शुद्धीवर आहे असं समजायचं आणि मग पेशंटला हात घालायचा. सगळं जग असंच करतं.

मामा सोडून. फार वर्षांपूर्वी त्याच्याकडे एकदा खराब झालेली बाटली आली. वाटेत उन्हात पडून राहिली होती म्हणे. त्या बाटलीच्या भरवशावर त्याने दिवसभर चुकीचे रिपोर्ट दिले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या घरी जाऊन माफी मागत परत रक्त काढलं. तेव्हापासून त्याने बाटलीचं नाव टाकलं, निदान युरियाच्या तपासणीसाठी तरी. "बाटली कुठे बनली, कुणी बनवली, देव जाणे," तो म्हणायचा. "माझं रक्त मी बनवतो. मला माहितीय त्यात काय आहे." त्याच्या रक्तात चौदा असायचे. ब्लड युरिया नायट्रोजन, ज्याला आम्ही बीयूएन म्हणतो, ते त्याचं रोज चौदा. साधारण सातपासून विसापर्यंत ठीक, म्हणजे चौदा अगदी मधोमध. मशीनवर चौदा आले की तो मागून ओरडायचा, "आला गं चौदा! घे पहिला पेशंट!"

आता बीयूएन काही दगडावरची रेघ नाही. जास्त मांस-अंडी खाल्ली की ते चढतं, पाणी कमी प्यालं की चढतं, उपाशी राहिलं की उतरतं. म्हणून मामाने आपलं सगळं आयुष्यच त्या चौदाला बांधून टाकलं. रोज रात्री दोन उकडलेली अंडी, पाव आणि वाटीभर भाजी. पाणी मोजून बाटलीतूनच. कुणाच्या घरी जेवायला गेला तरी डबा बरोबर. लग्न का नाही केलंस, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "बायको आली असती तर तिने जेवण बदललं असतं. मग गावाचं काय झालं असतं?" लोक हसायचे. मला वाटतं, तो खरंच बोलत होता. असा चक्रम माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका लाडकाही नाही.

काउंटरवर कुणी रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेला दिसला की मामा हात पुसत बाहेर यायचा. "घाबरू नका हो. आधी ऐका. आपण खातो त्यातलं प्रोटीन शरीर वापरतं, आणि चुलीत राख उरावी तसं काहीतरी उरतं. लिव्हर त्याचा युरिया करतं, तो रक्तातून किडनीकडे जातो आणि किडनी त्याला लघवीतून बाहेर टाकते. आकडा वाढला म्हणजे एक तर राख जास्त झाली, नाहीतर केर काढणारी दमली. ताप येऊन गेला का? उलट्या झाल्या? पोटात कुठे रक्तस्राव? पाणी पिता का नीट? हृदय दमलं तरी आकडा चढतो. त्याच्या शेजारचं क्रिएटिनिन बघा. ते जागेवर असेल तर बहुतेक पाण्याचीच भानगड. दोन्ही चढले असतील तर मात्र डॉक्टरांकडे पळा, इथे माझ्याशी गप्पा मारत बसू नका." माणूस हसत घरी जायचा.

आमच्या घरात मात्र या आकड्यांवर कुणी कधी हसलं नाही. माझी आई म्हणजे मामाची थोरली बहीण. आजीला किडनीचा आजार होता, दोन्ही किडन्यांवर पाण्याचे फुगे येतात आणि हळूहळू सगळी किडनी फुग्यांचीच होऊन जाते, तो. आईलाही तोच निघाला. घराण्यातून येतो. मुलांपैकी कुणाला मिळेल, कुणाला नाही, नाणं उडवल्यासारखं. मामाला आम्ही कितीदा म्हटलं, एकदा सोनोग्राफी करून घे. "अगं, मला रोज चौदा येतात. माझ्याएवढा तपासलेला माणूस आहे का कुणी या जगात?" विषय तिथेच राहायचा.

आईचे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी सरळ सांगून ठेवलं होतं की बीयूएन शंभराकडे जायला लागलं आणि अंगावर लक्षणं दिसायला लागली की डायलिसिस सुरू करायचं. तोवर औषधं, पथ्य आणि दर महिन्याला तपासणी. तेव्हा आईचा आकडा सत्तर होता. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. मामा महिन्यातून एकदा पेटी घेऊन घरी यायचा, आईचं रक्त न्यायचा, आणि मी दुसऱ्या दिवशी तो आकडा स्वतःच्या बोटांनी टाइप करायचे.

पुढच्या महिन्यात चौसष्ट आले. मी किंचाळलेच. काही महिन्यांनी एकसष्ट. वर्ष सरता सरता पंचावन्न. डॉक्टर म्हणाले, क्रिएटिनिन थोडं पुढे सरकलंय, पण बीयूएन खाली येतंय म्हणजे पथ्य छान पाळताय, प्रोटीन कमी झाल्याचा परिणाम आहे, अजून थांबू. क्रिएटिनिनसाठी मामा कंपनीचीच बाटली वापरायचा. त्यावर त्याचा राग नव्हता, राग फक्त युरियाच्या बाटलीवर.

त्याच सुमारास मामा मशीनवर करवादायला लागला होता. सकाळी त्याच्या रक्ताच्या नळीवर पंधरा यायचे, कधी सोळा. "म्हातारं झालं गं हे. घड्याळ पुढे पळतं ना, तसं पळतंय." मग तो मशीनच्या बटणांवर काहीतरी करायचा. मशीन ज्या आकड्याने गुणून उत्तर देतं, त्याला फॅक्टर म्हणतात. तो जरासा कमी केला की उत्तरही कमी येतं. मामा तो थोडाथोडा खाली आणायचा, परत स्वतःची नळी लावायचा, आणि चौदा आले की ओरडायचा, "आला गं!" काही आठवड्यांनी परत पंधरा. परत बटणं. मी मागे वळूनही बघत नव्हते. त्याचं रोजचंच होतं ते.

पण मला काहीतरी खटकायला लागलं होतं. काय, ते सांगता येत नव्हतं. रिपोर्ट टाइप करताना बोटांना सवय असते. बीयूएनच्या घरात बारा, पंधरा, अठरा हे आकडे आपोआप पडायचे. आता नऊ पडायचे. मग आठ, सात, पाच. एक दिवस असा गेला की सबंध सकाळभर मी दोन आकडी संख्या टाइप केलीच नाही. मी मामाला म्हटलं, "गावाला काय झालंय रे? सगळेच हलके झालेत." तो म्हणाला, "उन्हाळा आहे, लोक पाणी पितायत. जेवण कमी झालंय. बीयूएन कमी असलं म्हणून कुणी मेलंय का?" "मशीन?" "मशीन बरोबर आहे. माझं चौदा आलंय ना?"

उन्हाळा संपला. आकडे खालीच राहिले.

सकाळी काचेतून बाहेरच्या बाकाकडे बघायची मला भीती वाटायला लागली. माणसं यायची, डोळ्यांखाली पिशव्या, चपलेचे पट्टे पायात रुतलेले, चेहऱ्यावर मातकट रंग. आणि मी त्यांच्या हातात एकाहून एक चांगले रिपोर्ट द्यायचे. कोपऱ्यावरचा शिंपी होता, त्याला वर्षानुवर्षं साखरेचा त्रास. त्याचा आकडा बत्तिसावरून सतरावर आलेला बघून त्याने मला काचेतून आशीर्वाद दिला. जिना उतरताना तीनदा थांबला बिचारा. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले आणि पुढचं नाव पुकारलं.

घरी तर याहून वाईट. आईचा आकडा उतरत होता आणि आई विझत चालली होती. दिवसा खुर्चीत झोपायची. अंग इतकं खाजायचं की दंडावर नखांच्या रेघा. तोंडाची चव गेली, म्हणायची, नाणं चोखल्यासारखं लागतं. बोलताना तोंडावर पदर धरायची, कारण श्वासाला वास यायला लागला होता, न धुतलेल्या मुतारीसारखा. मला तो वास जिन्यातच कळायचा. मी खिडक्या उघडायचे आणि स्वतःला समजवायचे: पंचावन्न आलेत. पन्नास आलेत. बरी होतेय ती.

पन्नासाचा रिपोर्ट आईच्या हातात दिला तेव्हा तिने तो बराच वेळ वाचला. मग विचारलं, "ही कोण?"

"कोण म्हणजे? तूच. नाव बघ ना वर."

"नाव माझं आहे," आई म्हणाली. "बाई दुसरी आहे. माझ्या नावावर कुणीतरी बरी होतेय."

मी हसण्यावारी नेलं. पण आईने तिचा पिच्छा सोडला नाही. संध्याकाळी मी कामावरून आले की सांगायची, "ती आज जिना चढून आली. दम पण लागला नाही तिला." कधी म्हणायची, "तिने आज पोटभर खाल्लं." एकदा मी चहा केला तर आईने आतून एक जास्तीचा कप आणला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. मी म्हटलं, "आई, काय चाललंय हे?" ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "भूक लागत असेल गं तिला. बरी होतेय ना." मला रडू फुटलं. तो कप उचलायचा माझा धीर झाला नाही. चहा तसाच थंड झाला, वर साय धरली.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आकडा इतका कमी असताना डोक्यावर परिणाम होणं बसत नाही, रक्त कमी झालंय का बघू, झोपेचं काही औषध चालू आहे का? त्यांचंही चुकत नव्हतं. त्यांच्यापुढे कागदच तसा होता. नवीन तपासण्या सांगितल्या, आणि बीयूएन परत. ते आले सेहेचाळीस. पुढच्या महिन्यात पाहू म्हणाले.

पुढचा महिना आईने पाहिला नसता. हे मला आता माहीत आहे.

मीच अडून बसले. मामाला म्हटलं, मला पुढचा महिना नको, उद्याच ये आणि पुन्हा रक्त घे. तो दुपारी आला. जिना चढून आला तो दारातच टेकला. धापा टाकत होता. "काय रे, म्हातारा झालास," मी म्हटलं. "डोकं दुखतंय गं दोन दिवस," तो म्हणाला आणि पेटी उघडली. आई खुर्चीत डोळे मिटून होती. मामाने तिच्या दंडाला पट्टा बांधला, नस चाचपली, आणि तेवढ्यात आईने डोळे उघडून त्याचं मनगट धरलं.

"छोट्या," ती म्हणाली. मामाची साठी जवळ आली तरी तो तिच्यासाठी छोट्याच. "तोंड कसं सुजलंय रे तुझं?"

"झोप नाही झाली ताई. हात सोड, सुई लागेल."

आईने हात सोडला नाही. किती तरी दिवसांनी तिची नजर जागेवर होती. तिने वाकून स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. तिथे खळगा पडला, कणकेत बोट रुतावं तसा, आणि तसाच राहिला. सूज बघायची ही तिची रोजची तपासणी होती, डॉक्टरांनीच शिकवलेली. मग तिने मामाची पॅन्ट वर सरकवली, जशी लहानपणी गुडघा फुटला की सरकवली असेल, आणि त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. मामा "अगं ताई, काय हे" म्हणत हसत होता. तिने अंगठा काढला.

खळगा तसाच राहिला. दोन पाय, दोन खळगे, शेजारी शेजारी.

"तुझी पण किडनी गेली," आई म्हणाली. जशी म्हणाली असती, तुझी पण बस चुकली.

मी मामाला विचारलं, "तू स्वतःचं रक्त तपासलंस कधी शेवटचं?"

"काय विचारतेस! रोज तपासतो. आज सकाळीच तर..." आणि तो थांबला. तो हळूच म्हणाला, "आज सकाळी पंधरा होते. मी चौदा केले."

मग मामाने सुई उचलली, आईचं रक्त घेतलं, एक थेंब सांडला नाही, आणि आम्ही दोघं रिक्षा करून लॅबमध्ये आलो. रस्ताभर तो एकच वाक्य पुटपुटत होता, "मशीन पळत नव्हतं. मशीन पळत नव्हतं."

फ्रीजच्या दारात कंपनीची युरियाची सीलबंद बाटली होती. कायद्यासाठी ठेवलेली, कधी न उघडलेली. तिच्यावर पन्नास छापलं होतं. मामाने सील तोडलं. मी काउंटर सोडून त्याच्या मागे उभी होते. मशीनमधून नेहमीची बारीक घरघर आली, आणि पडद्यावर आकडा उमटला. एकोणीस.

पन्नासाचे एकोणीस. ते पाच, ते सात, ती सगळी हलकी झालेली माणसं माझ्या डोळ्यांपुढून गेली. त्यांचं काही कमी झालं नव्हतं. मामाचं स्वतःचं चढत होतं, गेलं दीड वर्ष. त्या चढत्या रक्ताला तो चौदा म्हणत राहिला, आणि त्याच्यापायी सगळ्या गावाला खाली ओढत राहिला. आईलाही.

मामाने बाटलीवरून फॅक्टर पुन्हा लावला. आता पन्नासाचे पन्नास आले. मग त्याने सकाळची स्वतःची नळी लावली. तिच्यावर नाव नसायचं, नुसतं एक टिंब असायचं. छत्तीस. मग आईचं. रक्तातलं पाणी वेगळं करणाऱ्या फिरकीत नळी फिरून थांबेपर्यंत आम्ही दोघंही तिच्याकडे बघत उभे होतो. वरचं पिवळं पाणी मशीनने ओढलं. घरघर झाली.

एकशे अठरा.

मला मामाचा इतका राग आला त्या क्षणी! त्याला धरून गदागदा हलवावं, ओरडावं, अरे तू, तू शिकवायचास ना सगळ्यांना, एकट्या आकड्यावर जाऊ नका म्हणून? पण तो मशीनपुढे असा उभा होता, हात दोन्ही बाजूंना लोंबत, की माझ्याने काही झालं नाही. मी फोन उचलला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आणा. आत्ता."

आईला त्याच संध्याकाळी डायलिसिसला घेतलं. त्याआधी तिने एक हट्ट केला. मला म्हणाली, रिपोर्ट दाखव. मी म्हटलं, आई, राहू दे ना आता. पण ती ऐकेना. मी घाईत हाताने लिहिलेला कागद तिच्यापुढे धरला. एकशे अठरा. माणूस घाबरून जाईल असा आकडा. आईने तो वाचला आणि तिचा सगळा चेहरा सैल झाला. "ही मी," ती म्हणाली. "आता बरोबर आहे. ही मीच." आणि डोळे मिटून सुया टोचून घेतल्या.

ती वाचली. दोन-तीन फेऱ्यांनंतर तिचं डोकं स्वच्छ झालं. त्या बाईचं नाव तिने परत काढलं नाही, आणि काढलं असतं तर मी कान झाकून घेतले असते. भानावर आल्यावर तिचा पहिला प्रश्न, "छोट्याचा किती आला?" मी सांगितलं. तिने निरोप धाडला, त्याला म्हणावं मुकाट्याने डॉक्टरांकडे जा, नाहीतर मी या नळ्या काढून येते.

पण मामा जाईना. आधी त्याने लॅबचं दार बंद केलं आणि गेल्या दीड वर्षात ज्यांचं ज्यांचं बीयूएन केलं होतं, त्या सगळ्यांना बोलावलं. जे आले नाहीत त्यांच्या घरी पेटी घेऊन गेला. सुजलेल्या पायांनी जिने चढला. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं, बहुतेकांचं काही बिघडलेलं नव्हतं. शिंप्याच्या घरी मी बरोबर होते. शिंपी गेला होता, दीड महिना झाला होता. कशाने गेला, आकड्यामुळे की साखरेमुळे की हृदयामुळे, ते कुणी सांगू शकणार नाही. मामाने त्याच्या बायकोला सगळं उभ्या उभ्या सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मी असते तर गाळला असता, खोटं कशाला बोलू? ती ऐकून घेत राहिली. शिलाईच्या मशीनवर अर्धी शिवलेली बाही तशीच होती. शेवटी ती म्हणाली, "त्यांनी तो रिपोर्ट सगळ्यांना दाखवला होता." आणि आत गेली. आम्ही खाली आलो.

मग मात्र मामा डॉक्टरांकडे गेला. सोनोग्राफी झाली. दोन्हीकडे फुगे, आईसारखेच. आता त्याची औषधं चालू आहेत, आणि आकडा अजून तरी थोपवून धरलाय. मशीनवर आता दुसरी माणसं बसतात, बाटली लावतात, मगच पेशंट घेतात. मामा पुढे माझ्याजवळ बसून फक्त रक्त काढतो. त्याच्या कोपराचा काळा ठिपका आता फिका पडत चाललाय. सकाळी शटर वर गेलं की त्याचा उजवा हात अजून पट्ट्याकडे जातो, आणि मग मागे येतो.

गेल्या आठवड्यात आई म्हणाली, "आता हिचं." हिचं म्हणजे माझं. मी टाळत होते. नाणं माझ्यासाठीही उडलेलंच आहे, मला काय माहीत नाही? मामाने पट्टा बांधला. माझी नस त्याने दोनदा चाचपली, मगच सुई घातली. मशीनवर नवा मुलगा होता. त्याने आधी बाटली लावली. बरोबर पन्नास. मग माझी नळी लावली.

चौदा आले. क्रिएटिनिनसुद्धा अगदी जागेवर.

मी आनंदाने उडीच मारली. मागून ओरडले, "आला गं चौदा!", अगदी त्याच्याच सुरात. मग मामाचा चेहरा बघितला. किडनी बरीचशी जाईपर्यंत हा आकडा जागचा हलत नाही, हे मला त्यानेच शिकवलंय. त्याचाही कितीतरी वर्षं चौदाच यायचा, आणि तेव्हाही फुगे आत वाढतच असणार.

संध्याकाळी रिपोर्ट आईला दाखवला. तिने चष्मा लावून वाचला, मग माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "ही कोण?"

ती गंमत करत होती. मी हसले. मामा हसला नाही. त्याने खिशातून सोनोग्राफीची चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली. उद्या सकाळी जायचंय.